भाऊशेठच्या मयताची हलगी

क्रशर मध्येच बंद पडला तेव्हा मी आणि आत्या खडी फोडत बसलो होतो. आत्या म्हणजे माझी सासू, सोनूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. एप्रिलचं ऊन होतं. बांबूला गोणपाट बांधून डोक्यापुरती सावली केली होती, ती सुद्धा ऊन सरकलं की पाठीवरून निघून जायची. खाली पवईचं तळं चकाकत होतं. ते पाणी आम्ही नुसतं बघायचो. प्यायचं पाणी खाणीच्या नळावर मिळायचं, तेही खाणमालक भाऊशेठच्या मर्जीनं.

क्रशरच्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो थांबल्यावर कानात काहीतरी गुणगुणायला लागलं. चढावरून अंबादास धावत येताना दिसला. अंबादास माझा नवरा. तेव्हा मी त्याचं नाव घेत नव्हते, आता घेते. एवढी वर्षं संसार केल्यावर माणसाला नावानं हाक मारायचा हक्क मिळतो. भुकटीनं त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"खपला!" तो लांबूनच ओरडला. "भाऊशेठ खपला!"

आत्यानं पायाच्या अंगठ्यानं धरलेला दगड तसाच धरून ठेवला. हातोडा मारला, दगडाचे तुकडे झाले, मग हातोडा खाली ठेवला.

"कशानं?"

"आंघोळ करून देवाला फूल वाहायला वाकला, तो उठलाच नाय."

"दुखलंखुपलं काय?"

"काय नाय. एका झटक्यात."

"लई सुखाचं मिळालं की त्याला," आत्या म्हणाली, आणि पदरानं तोंडावरची धूळ पुसत बसली.

तिला असं का वाटलं ते खाणीवर सगळ्यांना माहीत होतं. तीन वर्षांमागं तिचा थोरला मुलगा भीमराज सुरुंगात गेला. सुरुंगाला बत्ती द्यायची तर आधी लाल फडकं लावायचं, शिट्टी मारायची, खालची माणसं वर आली की मगच बत्ती, ही खाणीची रीत. त्या दिवशी डंपर खोळंबले होते. भाऊशेठ कड्यावर उभा राहून ओरडला, लाव रे, काय बघतोस. शिट्टी झाली नाही. भीमराज खाली पाट्या भरत होता. आणि पोलीस आले तेव्हा भाऊशेठनं सांगितलं की पोरगा दारू पिऊन सुरुंगाजवळ गेला. धोंडू मुकादमानं मान डोलावली. झालं. भीमराजनं उभ्या जन्मात तंबाखू मळली नव्हती. वस्तीतल्या विहाराचा झाडलोटीपासून सगळा कारभार तो बघायचा, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम घेऊन सगळ्यांच्या पुढं असायचा. पण खाणीवर, नाक्यावर, दुकानात तो 'दारूत गेलेला' होऊन बसला. पोरगा गेल्याचं दुःख आत्या गिळत होती. हे तिला गिळता येत नव्हतं. त्या दिवसापासून ती जयंतीच्या मिरवणुकीला आली नाही. भीमराजची लेझीम खिळ्याला टांगलेली असायची. तिला तेवढं तेल लावून आत्या पुसून ठेवायची.

तेव्हा भाऊशेठ मेला याचा मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? वस्तीत कुणीतरी गूळ वाटला, तो मी दोनदा घेतला. आजही मला त्याची लाज वाटत नाही. ज्यानं माझ्या दिराला मारून वर त्याचं नाव नासवलं, तो मेल्यावर डोळ्यांत पाणी आणायला मी काय संत नाही.

खाण बंद झाली होती. बाप्ये विहारासमोर जमले. अंबादासला कल्पना सुचली, आणि त्याला कल्पना सुचली की त्याचे कान लाल होतात.

"ऐका रे. तिरडी जाणार कुठनं? इथनंच ना!"

खरंच होतं. भाऊशेठचं घर वरच्या अंगाला आणि स्मशान खाली. मधला रस्ता एकच, आमच्या वस्तीच्या तोंडावरून. त्याच रस्त्यानं आमची जयंतीची मिरवणूक दर साली वर चढायची, भाऊशेठच्या फाटकासमोरून वरच्या नाक्याला जायची.

"जयंती तोंडावर आलीय," अंबादास म्हणाला. "आपण रोज प्रॅक्टिस करतोच. आज पण करायची. तिरडी आली की हलगी आणि लेझीम, एकदम झकास. कोण काय बोलणार? बोलला कुणी तर सांगायचं, प्रॅक्टिस चालू आहे ना यार!"

पोरं हसली. एकानं शिट्टी मारली. शेवटी सगळ्यांनी आत्याकडं पाहिलं, कारण भीमराज तिचा होता. ती उंबऱ्यावर बसली होती.

"वाजवा," आत्या म्हणाली. "अशी वाजवा की मेलेल्याला ऐकू गेली पाहिजे."

"पण मामा?" मी म्हणाले.

मामा, म्हणजे माझे सासरे खंडू, पताकांचा निळा कागद आणायला साकीनाक्याला गेले होते. हलगी त्यांची. ती कधी वाजायची आणि कधी नाही, याचा कायदाही त्यांचाच: मयताला नाही, देवळापुढं नाही, कुणाच्या दारात नाही. जयंतीला आणि जयंतीच्या लेझमीला तेवढी खुंटीवरून उतरायची. या कायद्यामागची गोष्ट लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला इतक्यांदा ऐकवली गेली, की मामा अडखळले तर पुढचं वाक्य मी सांगायची.

गावाला असताना पाटलाच्या घरचं कुणी मेलं की आमच्या माणसांनी तिरडीपुढं हलगी वाजवत चालायचं, सरपणाची लाकडं न्यायची, आसपासच्या गावांना पायी मयताचा सांगावा द्यायचा. त्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं; आमचा जन्मच त्यासाठी धरलेला. छप्पन साली मामा नागपूरहून दीक्षा घेऊन परत आले, आणि त्याच महिन्यात पाटलाची आई गेली. हुकूम आला. मामा तेव्हा तरणे होते. त्यांनी हलगी खुंटीला टांगली आणि दारात उभं राहून सांगितलं, इथून पुढं वाजणार नाही. तिरडी हलगीशिवाय गेली. मग पाणी बंद, पीठगिरणी बंद, रानातली कामं बंद. शेवटी एक वळकटी आणि ती हलगी घेऊन मामा-आत्या मुंबईला आले. न वाजवलेल्या हलगीपायी आमचं घर मुंबईकर झालं.

"ती गोष्ट वेगळी," अंबादास म्हणाला. "ती रडायची हलगी होती, हुकमाची. ही आपल्या खुशीची. आबा येईस्तोवर होऊन जाईल." मामांना तो आबा म्हणायचा.

त्यानं हलगी उतरवली. कातडं ऐन वेळी सैल पडू नये म्हणून ती शेकावी लागते. दोघा-तिघांनी जुन्या पेपरचा जाळ केला आणि अंबादास हलगी त्यावर फिरवू लागला. ते काम मामा डोळे मिटून करायचे. हा मात्र भाकरी करपेल की काय अशा भीतीनं करत होता. मी बाजूला उभी होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या.

तेवढ्यात वरून धोंडू मुकादम आला. पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. आम्हाला वाटलं, संपलं, आता भांडण. पोरांनी लेझिमा घट्ट धरल्या.

धोंडूनं हात जोडले. "जय भीम," म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यानं जाळाकडं पाहिलं, हलगीकडं पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अरे वा! तुमची तयारी झाली पण? मी बोलवायलाच आलो होतो. घरच्यांचं म्हणणं, शेठनी गाव सोडलं तरी गावची रीत सुटू नये. पुढं हलगी पाहिजे. मला वाटलं, तुम्ही येता का नाय येत. तुम्ही तर आधीच शेकायला घेतली! शेठवर माया होती म्हणायची वस्तीची."

अंबादास हलगी जाळावर धरून तसाच उभा. कातडं तडकेल म्हणून मीच ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

"नाय नाय," तो कसाबसा म्हणाला, "आम्ही आपली... प्रॅक्टिस... लेझीमचा ठेका वाजवणार होतो."

"असू दे ना! कुठलाही ठेका वाजवा. लोकांना काय कळतंय? तिरडीपुढं हलगी दिसली म्हणजे झालं. मी सांगतो घरी, खंडूची माणसं येतायत."

आमच्या मुंबईत वाढलेल्या शहाण्यांना हे ठाऊकच नव्हतं. तिरडीपुढं हलगी वाजली की ऐकणारा तिला मान समजतो. वाजवणाऱ्याच्या पोटात आनंद आहे का आग, ते त्याला कुठून दिसणार? आम्ही शिवी द्यायला निघालो होतो आणि वरची माणसं ती सलाम म्हणून घेणार होती.

तेवढ्यात मामा आले. काखेत निळ्या कागदाची गुंडाळी, अंगातला बनियन घामानं चिकटलेला. त्यांनी आधी विझत आलेला जाळ बघितला, मग धोंडूला, मग माझ्या हातातली हलगी. कागद त्यांनी जपून उंबऱ्यावर ठेवला. हलगी माझ्याकडून घेतली आणि कातड्यावर तळवा टेकवला.

"कुणी शेकली?"

"मी," अंबादास म्हणाला.

"कशापायी?"

"दादासाठी."

मामांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "त्याच्या तिरडीपुढं वाजवून ती भीमराजची व्हत न्हाई, लेका. ती शेठचीच व्हती."

"आबा, खुशीत वाजवायची होती. तो मेला म्हणून."

"मनात खुशी आसंल तर आसू दे. मला बी काय दुःख झालं न्हाई. पर मन तुझं एकट्याचं हाय. हलगी समद्यांची हाय."

धोंडू मध्ये बोलला. "खंडूभाऊ, जुनं कशाला काढता? मेलेल्या माणसाशी वैर कसलं? आज एवढं करा. मी पाण्याचं बघतो. वस्तीसाठी नळ दिवसभर चालू ठेवायला लावतो, माझा शब्द."

वस्तीतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाण्याचं नाव काढलं की आमच्या कमरा आपोआप दुखायच्या. मी पण क्षणभर घागरी मोजल्या.

तेव्हा आत्या उठली. गुडघ्यावर हात दाबून, हळूहळू. रस्त्यावर धोंडूसमोर येऊन उभी राहिली.

"पाणी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला एक सांग. माझा भीमराज त्या दिवशी पेला हुता?"

धोंडूनं टॉवेल सारखा केला. "मावशी, आज कशाला..."

"पेला हुता का?"

"नव्हता," तो खाली बघून म्हणाला. आवाज इतका बारीक की मागच्यांना ऐकू गेलाच नाही. "नव्हता प्यालेला. मला ठाऊक आहे."

तीन वर्षं आत्या ह्या एका शब्दासाठी बसली होती. मला वाटलं आता ती रडेल. रडली नाही.

"मग तिरडी खांद्यावर घ्यायच्या आधी हे समद्यांपुढं बोल. शेठच्या पोरांपुढं, नाक्यावरच्या माणसांपुढं. येवढं बोललास तर म्या सोता हलगी घिऊन तुझ्या शेठपुढं चालते."

मामांनी तिच्याकडं चमकून पाहिलं. हलगीवरचा त्यांचा हात आवळला. छप्पन सालापासून या दोघांत कधी फट पडली नव्हती. आज पडते की काय, अशी मला भीती वाटली. पण मामांनी तिला अडवलं नाही. पोरगा दोघांचा होता.

धोंडूनं वर शेठच्या घराकडं पाहिलं. "तिथं नाय बोलता येणार, मावशी. मला त्याच खाणीवर राहायचंय. तुला सांगितलं ना. तू समजून घे."

"व्हय?" आत्या म्हणाली. "पोराला दारुडा म्हणलास ते समद्यांपुढं, आन आता खरं सांगतुयास ते माझ्या एकटीच्या कानात? असलं चोरून दिल्यालं म्या घेत न्हाई. जा तू."

धोंडू गेला. चढ चढताना एकदाच मागं वळला.

आत्या वळली ती थेट अंबादासकडं. "टांग ती खुंटीला."

"आई, तूच तर म्हणालीस, वाजवा."

"म्हणले. रागात म्हणले. देवाला वाकला आन मेला त्यो. आपून काय केलं त्यात? आपून त्याला खरं बोलाय लावलं का? हात टेकाय लावले का? मरायचं तर समद्यांनाच हाय. मग फुशारकी कशाची मारायची?"

अंबादासचे कान पुन्हा लाल झाले, या वेळी दुसऱ्या कारणानं. त्यानं मामांच्या हातातून हलगी घेऊन टांगली.

ऊन कलायच्या आधीच तिरडी आली. आम्ही सगळे वस्तीच्या तोंडाशी उभे होतो. कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी घरातही बसलं नाही. पोरांनी लेझिमा पायाशी ठेवल्या होत्या. वरून माणसं उतरली, पुढं मडकं धरलेला भाऊशेठचा मोठा मुलगा. आम्हाला पाहून त्याची चाल अडखळली. दगड येतील असं त्याला वाटलं असावं. हातात दगड असणारीच माणसं होतो आम्ही. मागचे दोघं-तिघं हलगी कुठं आहे म्हणून माना वळवत होते. खडीवर घासणाऱ्या चपलांचा तेवढा आवाज येत होता. लाह्या उडाल्या, त्यातल्या काही आमच्या पायांपाशी पडल्या.

कुणी हसलं नाही. कुणी हात जोडले नाहीत. आम्ही नुसतं ताठ उभं राहून बघितलं. आत्या सगळ्यांत पुढं होती. तिरडी अगदी तिच्या समोरून गेली.

"येवढासा दिसतुया," ती म्हणाली. बस, एवढंच.

तिरडी वळणापलीकडं गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माझे खांदे कधी नव्हे इतके मागं खेचून उभी आहे. गूळ खाऊन जे वाटलं होतं त्यापेक्षा हे कितीतरी मोठं होतं. गुळाची चव तर तोंडातून केव्हाच गेली होती. मामांच्या गावची ती गोष्ट मी एवढ्यांदा ऐकली होती, पण त्या दारात उभं राहताना त्यांना कसं वाटलं असेल ते मला त्या दिवशी कळलं. इतिहास म्हणजे मोठ्या माणसांचाच असतो असं मी समजत होते. आमचाही होता, खुंटीला टांगलेला.

जयंतीच्या आदल्या दिवशी धोंडू पुन्हा आला. मी दारात पताका चिकटवत होते, बोटं खळीनं बरबटलेली.

"घरात सुतक आहे," तो म्हणाला. "मिरवणूक फाटकासमोरून नेऊ नका, असं सांगितलंय. न्यायचीच तर तेवढ्यापुरतं वाजवणं बंद ठेवा. मेलेल्याचा मान म्हणून."

"बघा आबा!" अंबादास उसळला. "परवा वाजवा म्हणून आला, आज वाजवू नका म्हणून! आता तर त्याच्या फाटकासमोर तासभर नाचणार आपण!"

वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांचं मत पडलं, जाऊ दे, चार पावलं गप जाऊ, आपलं काय जातंय. मामा पताकांच्या दोरीला गाठ मारत होते. ती पक्की झाल्यावर बोलले.

"त्याच्या मरणासाठी आपून वाजवली न्हाई. त्याच्या मरणासाठी थांबवायची बी न्हाई. दर सालाला वाजती तेवढीच वाजंल. कमी न्हाई, जास्ती न्हाई. जा, सांग."

दुसऱ्या दिवशी विहारापुढं मिरवणूक लागली. निळे झेंडे, पांढरे कपडे, लेझीमच्या रांगा. मामांनी हलगी स्वतः शेकली. मी बायकांच्या घोळक्यात होते, तर आमच्या दारातून आत्या बाहेर आली. पांढरं पातळ नेसलेली, आणि हातात भीमराजची लेझीम.

तिनं जन्मात लेझीम धरली नव्हती. तिच्या काळात गावाकडं बायकांच्या हाती लेझीम कोण देणार?

"आई, मागं चल, बायकांत," अंबादास म्हणाला.

"भीमराज कुठं आसायचा?"

"सगळ्यात पुढं."

"मग?" म्हणाली, आणि रांगेच्या पुढं जाऊन उभी राहिली.

हलगी कडाडली. मिरवणूक चढाला लागली. आत्याचं लेझीम खेळणं म्हणजे खडी फोडणंच होतं. हातोडा धरून धरून बोटं वाकडी झालेली, छनक कुठंही पडायची. पोरं मागून हसत होती, पण प्रेमानं. तिचा गुडघा चढावर दुखायला लागला तशी ती मागं पडायला लागली, रांगा तिच्या अंगावर यायला लागल्या.

भाऊशेठचं फाटक आलं. धोंडू तिथं उभा होता, वर खिडकीत पडदा हलला. वाजणं वाढतंय का थांबतंय, तेच बघायला रस्त्यावरची माणसं सुद्धा थांबली होती.

दोन्ही झालं नाही. झालं ते वेगळंच. मामा ठेक्याचे असे कडक, की एकानं पाऊल चुकवलं तर त्याचा उद्धार करायचे. त्यांनी आत्याच्या पायाकडं बघितलं आणि ठेका हळू केला. ती पाऊल टाकेल तेव्हा हलगीवर टिपरी पडायची. ती गुडघ्यासाठी थांबली की दुसऱ्या हातातली काडी बारीक वाजत राहायची, ती निघाली की पुन्हा कड्ड. आवाज तोच, तेवढाच. भीमराजची लेझीम पहिल्यांदा ठेक्यात वाजली. आत्यानं फाटकाकडं पाहिलं नाही. मान वर, नजर समोर चढावर. धोंडू दोन पावलं मागं सरकला आणि त्यानं डोक्याचा टॉवेल काढला.

मागच्या रांगांना काही कळेना. अंबादास धावत पुढं आला.

"आबा, ठेका पडला!"

"पडला न्हाई," मामा म्हणाले. ते रडत होते आणि वाजवत होते. "तिच्या पायानं चाललाय. रांगंला सांग, पाय तिच्याशी जुळवा."

त्यानं ओरडून सांगितलं. रांगेमागं रांग सावकाश झाली, लेझिमा एकदम वाजल्या, आणि वरच्या नाक्यापर्यंत आमची सगळी वस्ती माझ्या सासूच्या पायानं चालत गेली.